छळछावणीत काय बघायचं?

बर्लिनहून उत्तरेकडे जाणाऱ्या एस-१ या लोकलचं शेवटचं स्टेशन ओरानिएनबुर्ग. तिथून वीसेक मिनिटं चालत गेलं की नाझींच्या झाक्सेनहाउझेन छळछावणीचं स्मारक लागतं. प्रवेशाला पैसे पडत नाहीत. बर्लिनमधल्या सहल कंपन्या सकाळी माणसं जमवतात, सोबत गाइड देतात आणि दुपार कलता कलता परत आणून सोडतात. बर्लिनला जाणाऱ्या आपल्याकडच्या पर्यटकांपुढेही हा पर्याय असतो, आणि सोबत एक संकोचही असतो: जिथे हजारो माणसं हाल होऊन मेली, तिथे सहल कसली काढायची? संकोच रास्त आहे. तरी जावं, आणि गाइड घेऊनच जावं, असं मला वाटतं. मात्र कैद्यांचं दुःख आपल्याला 'अनुभवता' येईल ही अपेक्षा घरी ठेवावी. अर्ध्या दिवसात ते होत नाही, आणि होतं असं मानणं हा त्या कैद्यांचा थोडा अपमानच आहे. अर्ध्या दिवसात समजू शकते ती व्यवस्था, आणि ही जागा त्यासाठीच बघण्यासारखी आहे.

एकट्याने गेलं तर दिसतं ते मोठं मोकळं मैदान. बराकी बहुतेक गेल्या, त्यांच्या जागा तेवढ्या आखून ठेवल्या आहेत. १९३६ च्या उन्हाळ्यात बर्लिनमध्ये ऑलिम्पिकची धामधूम चालली होती, त्याच सुमारास इथे कैद्यांकडूनच ही छावणी बांधून घेतली जात होती. बर्नहार्ड कुइपर या वास्तुरचनाकाराने तिला त्रिकोणाचा आकार दिला. पायाच्या मधोमध 'टॉवर ए' हे प्रवेशद्वार, समोर हजेरीचं अर्धवर्तुळाकार मैदान आणि त्याभोवती पंख्यासारख्या पसरलेल्या बराकी. दारावरच्या एका मशीनगनच्या टप्प्यात सगळी छावणी यावी, हा हिशेब. गाइडने त्या दारात उभं करून हात फिरवून दाखवलं, की रिकाम्या मैदानाचा नकाशा उलगडतो. कैद्यांना मारण्याच्या आणि जाळण्याच्या इमारतीला पुढे 'स्टेशन झेड' नाव मिळालं: आत यायचं 'ए'मधून, बाहेर पडायचं 'झेड'मधून. असली थट्टा सुचायला माणूस क्रूर असावा लागतोच, पण आपल्या कामात रुळलेलाही असावा लागतो.

मैदानाच्या कडेने एक पट्टा जातो. खडी, वाळू, काँक्रीट असे निरनिराळे पृष्ठभाग त्यावर आलटून पालटून येतात. चामड्याची टंचाई होती, म्हणून पर्यायी तळवे किती टिकतात ते तपासायला १९४० पासून कैद्यांना नवे बूट घालून दिवसभर, तीस-चाळीस किलोमीटरपर्यंत, या पट्ट्यावर चालवत. पादत्राणांच्या कंपन्या या चाचणीचे रीतसर पैसे मोजत. १९४१ च्या शरद ऋतूत सोव्हिएत युद्धकैद्यांना मारण्यासाठी जी खोली बनवली, ती तर दवाखान्यासारखी सजवली होती. कैद्याला उंची मोजायच्या पट्टीला पाठ लावून उभं करत. पट्टीत मानेच्या उंचीवर फट होती आणि तिच्यामागे बंदूकधारी. आवाज पुढच्याच्या कानावर जाऊ नये म्हणून ग्रामोफोन चालू. काही आठवड्यांत दहा हजारांहून अधिक माणसं अशी मारली गेली. पट्टी, फट, तबकडी: यातली प्रत्येक गोष्ट कुणीतरी सुचवली, कुणीतरी बनवून दिली.

'यासाठी तिकडे कशाला जायचं? वि. ग. कानिटकरांचं 'नाझी भस्मासुराचा उदयास्त' घरबसल्या वाचता येतं,' असं कुणी म्हणेल. जरूर वाचावं, कारण हिटलर सत्तेवर कसा आला, हे या मैदानात उभं राहून कळत नाही. पण पुस्तकातून अंतरं कळत नाहीत. स्टेशनपासून छावणीपर्यंत कैदी वस्तीतून चालत येत. छावण्या चालवणाऱ्या एसएस या नाझी संघटनेच्या अधिकाऱ्यांसाठी बांधलेली घरं शेजारीच आहेत आणि त्यांतल्या बऱ्याच घरांत आज माणसं राहतात. त्याआधी, १९३३ मध्ये, पहिली छावणी थेट गावात, बिअरच्या एका जुन्या कारखान्याच्या आवारात होती. कवी एरिष म्यूझाम यांचा खून तिथेच झाला. छावणीला लागून इंग्रजी 'टी' अक्षराच्या आकाराची एक इमारत आहे. १९३८ पासून नाझींच्या सगळ्या छळछावण्यांचं मुख्य कार्यालय तिथे होतं. शिक्षा, मजुरी, वैद्यकीय प्रयोग यांचे कागद तिथून हलत. आज तिच्यात गावचं प्राप्तिकर कार्यालय आहे. काहींना हे खटकतं. मला ते बोलकं वाटतं, कारण इमारत मुळात टेबल-खुर्च्यांसाठीच बांधलेली होती.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. सेर्गेई लोझ्नित्सा या दिग्दर्शकाने २०१६ च्या 'ऑस्टरलिट्झ' या माहितीपटात अशा स्मारकांतल्या पर्यटकांवर कॅमेरा स्थिर ठेवला. उन्हाळी कपड्यांतली माणसं दारावरच्या 'श्रमातून मुक्ती' अशा अर्थाच्या अक्षरांपुढे फोटो काढतात, सँडविच खातात, पुढे सरकतात. बघून लाज वाटते. पण त्यावर दार बंद करणं हा उपाय नव्हे. झाक्सेनहाउझेनमध्ये स्मारकाने मान्यता दिलेल्या गाइडलाच गट फिरवता येतो, ही अट मला म्हणूनच महत्त्वाची वाटते. चांगला गाइड या सहलीची मर्यादाही स्पष्ट सांगतो: इथे दोन लाखांहून अधिक माणसं डांबली गेली आणि त्यांतली हजारो मेली, पण ज्यूंच्या संहाराची मुख्य केंद्रं पूर्वेला, व्यापलेल्या पोलंडमध्ये होती. हे बघून 'होलोकॉस्ट पाहिला' असं कुणी म्हणू नये.

शिवाय स्मारकालाही स्वतःचा इतिहास आहे. १९६१ मध्ये पूर्व जर्मनीच्या सरकारने इथे चाळीस मीटर उंच स्तंभ उभारला आणि त्यावर लाल त्रिकोण लावले. लाल ही राजकीय कैद्यांची खूण. ज्यू, समलिंगी, रोमा कैद्यांना त्या आठवणीत जेमतेम जागा मिळाली. जर्मनी एक झाल्यावर, १९९२ मध्ये, ज्यू कैद्यांच्या बराकींना उजव्या अतिरेक्यांनी आग लावली. तिथला होरपळलेला रंग जपून ठेवला आहे. आणि १९४५ ते १९५० या काळात हीच जागा सोव्हिएत फौजांनी कैदखाना म्हणून वापरली. साठ हजार कैद्यांपैकी सुमारे बारा हजार भूक आणि रोगराईने मेले. त्यांत नाझी पक्षाचे खालच्या फळीतले कार्यकर्ते होते, तसे नुसत्या संशयावरून उचललेलेही होते. हे सांगितलं तर नाझींचा गुन्हा सौम्य होतो, अशी भीती काहींना वाटते. स्मारकाने या काळासाठी वेगळं संग्रहालय केलं आहे, आणि मला ते योग्य वाटतं: दोन्ही गोष्टी सांगायच्या, पण एका तराजूत घालायच्या नाहीत. हे संग्रहालय मात्र पार मागच्या टोकाला आहे आणि परतीच्या गाडीची घाई असली की तेच आधी गाळलं जातं. सहल ठरवताना दराच्या आधी एवढं विचारून घ्यावं: तिथपर्यंत नेता का?