नखे ओरबाडणारे बालक आणि जागे घर

लहान मुलाने नख दातांत धरले की आई हातावर हलकी चापट मारते, आजी बोटांना कडुनिंबाचा रस लावते, आणि दोन-चार महिन्यांत ती सवय सुटूनही जाते. शंभर घरांपैकी बहुतेक घरांत ही कथा इथेच संपते. परंतु एखाद्या घरी ती संपत नाही. तेथील मूल नख कुरतडण्यावर थांबत नाही, ते मुळापासून उपटून काढते. बोट रक्ताळते, अंथरुणावर डाग पडतात, आणि मूल रडतही नाही. रात्री दोन-तीन वाजता ते उठून बसते, दिवे लावते, कपाटे उघडते. दुपारी शाळेत मात्र बाकावर डोके ठेवून गाढ झोपी जाते. गुरुजी तक्रार करतात, शेजारी सल्ले देतात, आणि घरातील सून मनातल्या मनात स्वतःलाच दोष देत राहते.

अशा मुलांपैकी काहींच्या वागण्यामागे त्यांच्या गुणसूत्रांतील एक सूक्ष्म त्रुटी असते. तिचे नाव स्मिथ-मॅगेनिस सिंड्रोम. अमेरिकेतील जनुकीय समुपदेशक ॲन स्मिथ आणि गुणसूत्रतज्ज्ञ एलन मॅगेनिस यांनी १९८२ ते १९८६ या काळात तिचे वर्णन केले, आणि त्यांच्याच नावाने ती ओळखली जाते. माणसाच्या पेशीतील सतराव्या गुणसूत्राच्या लहान भुजेचा एक तुकडा गळालेला असतो. त्या तुकड्यावर ‘आरएआय १’ नावाचे जनुक असते. सुमारे दहापैकी नऊ मुलांत तुकडाच नसतो. उरलेल्यांत तुकडा जागेवर असतो, पण हे जनुक बिघडलेले असते. साधारणपणे पंधरा ते पंचवीस हजार जन्मांमागे एका बालकात ही अवस्था आढळते, असा अंदाज आहे. म्हणजे ती दुर्मीळ खरी, परंतु अहिल्यानगरसारख्या विस्तीर्ण जिल्ह्यात एकही असे मूल नसेल, असे मानण्याइतकी दुर्मीळ नाही.

वेदना कळत नाही, म्हणून हात थांबत नाही

बोटाला जखम झाली की निरोगी मुलाचा हात आपोआप मागे येतो, कारण वेदना त्याला थांबवते. स्मिथ-मॅगेनिस असलेल्या अनेक मुलांच्या हातापायांतील मज्जातंतू वेदनेचा आणि तापमानाचा निरोप क्षीणपणे पोहोचवतात. त्यामुळे नख उपटले तरी थांबण्याची खूण मिळत नाही. काही मुले मनगट चावतात, काही डोके भिंतीवर आपटतात, काही नाकाकानांत लहान वस्तू कोंबतात. आनंद झाला की हीच मुले स्वतःला दोन्ही हातांनी घट्ट आवळून घेतात. पुस्तकाची पाने बोट ओले करून भराभर उलटत राहतात. आवाज बहुधा किंचित घोगरा असतो. बोलणे उशिरा येते, परंतु समज बोलण्यापेक्षा पुढे असते. अडचण सांगण्यासाठी शब्द नसला की ती हातांवाटे बाहेर पडते.

नखे वा कातडी ओरबाडणे हे केवळ याच एका सिंड्रोमचे लक्षण नव्हे. प्रेडर-विली सिंड्रोममध्ये मुले कातडी खरवडतात आणि त्यांची भूक शमत नाही. फ्रॅजाइल एक्स असलेली मुले अतिचंचल असतात आणि उत्तेजित झाली की हात चावतात. लेश-नायहन हा विरळा विकार असलेली मुले ओठ आणि बोटे चावून गंभीर इजा करून घेतात. प्रत्येकाचे कारण निराळे, उपचारही निराळे. म्हणूनच ‘नखे खातो’ एवढ्यावरून निष्कर्ष काढणे चूक, आणि ‘मोठा झाला की सुटेल’ म्हणून वर्षानुवर्षे थांबणे ही त्याहून मोठी चूक. उशिरा बोलणे, दिवसा झोप व रात्री जाग, वेदनेची उदासीनता आणि स्वतःला इजा ही चार लक्षणे एकत्र दिसली, तर बालरोगतज्ज्ञाकडे जनुकीय तपासणीचा विषय काढावा.

उलटे घड्याळ

या मुलांची अस्वस्थता समजून घ्यायची तर त्यांची झोप समजली पाहिजे. अंधार पडला की मेंदूतील पिनिअल ग्रंथी मेलाटोनिन नावाचे द्रव्य स्रवते आणि शरीराला झोपेची वर्दी मिळते. स्मिथ-मॅगेनिस असलेल्या बहुतेक मुलांत हा क्रम उलटलेला असतो. मेलाटोनिन दिवसा चढते आणि रात्री उतरते. आपण भर दुपारी ज्या उत्साहाने दुकानात बसतो, त्या अवस्थेत ते मूल मध्यरात्री असते. आणि आपण ज्या ग्लानीत मध्यरात्री असतो, त्या ग्लानीत त्याला शाळेत पाढे म्हणावे लागतात. अशा मुलाला हट्टी म्हणणे हा अन्याय आहे. झोप अपुरी झाली की दुसऱ्या दिवशीचा आक्रस्ताळेपणा वाढतो, आणि ओरबाडणेही वाढते.

काही मुलांना रात्री ठरलेल्या वेळी मेलाटोनिन दिल्याने लाभ होतो. फ्रान्समधील डॉक्टरांनी सकाळी बीटा-ब्लॉकर गटातील औषध देऊन दिवसाचे मेलाटोनिन दाबण्याचा आणि रात्री ते बाहेरून देण्याचा मार्गही अभ्यासला आहे. परंतु दमा किंवा हृदयविकार असलेल्या मुलाला हे औषध अपायकारक ठरू शकते; म्हणून ते तज्ज्ञाच्या लेखी सल्ल्याशिवाय देऊ नये. आपल्या घरांत येथे एक प्रश्न हमखास उभा राहतो : सूर्यास्तानंतर औषध कसे द्यावे? पच्चक्खाणात आगार ठेवलेले असतात, आणि रुग्णाच्या समाधीसाठी औषधाला वाट मोकळी असते. शंका असल्यास साधू-साध्वीजींना विचारावे. औषध परस्पर बंद करू नये. कॅप्सूलचे आवरण प्राणिजन्य असेल तर गोळी किंवा पातळ औषध मिळेल का, हे डॉक्टरांना विचारता येते.

घरातला रोजमेळ

व्यापारी कुटुंबाला हिशेब शिकवावा लागत नाही. दिवसाची उलाढाल रोजमेळात उतरल्याशिवाय पेढी बंद होत नाही. या मुलांच्या संगोपनात तीच शिस्त सर्वाधिक उपयोगी पडते. एक वही घ्यावी आणि ओरबाडण्याच्या प्रत्येक प्रसंगाच्या तीन नोंदी कराव्यात : आधी काय घडत होते, मुलाने काय केले, आणि नंतर घरातील माणसांनी काय केले. दोन-तीन आठवड्यांत वही बोलू लागते. कोठे दिसते की आई फोनवर असली की नख उपटले जाते. कोठे दिसते की जेवणाआधीचा अर्धा तास कठीण असतो. कोठे कानदुखी किंवा बद्धकोष्ठ हे मूळ असते. या मुलांना कानाचे संसर्ग आणि बद्धकोष्ठ हे त्रास वारंवार होतात, आणि दुखणे सांगता येत नाही.

पुष्कळदा वहीतील तिसरा स्तंभ घरच्यांना चकित करतो. नख उपटले की सारे घर धावते, कोणी ओरडते, कोणी जवळ घेते. स्मिथ-मॅगेनिस असलेल्या मुलाला मोठ्या माणसांच्या लक्षाची विलक्षण भूक असते. रागावलेले लक्षही त्याला चालते. तेव्हा उपाय उलटा करावा लागतो. जखम शांतपणे, कमी शब्दांत धुवून बांधावी. आणि हात रिकामे व स्वस्थ असतील तेव्हा कौतुक, गप्पा आणि मांडी भरभरून द्यावी. मार आणि धाक यांनी ओरबाडणे कमी होत नाही. ते लपून होऊ लागते.

बाकीच्या गोष्टी साध्या आहेत. नखे आठवड्यातून दोनदा कापून कानशीने गुळगुळीत करावीत, कारण ओरबाडण्याची सुरुवात खडबडीत कडेपासून होते. बोटांना तेल किंवा मलम लावावे. झोपताना सुती हातमोजे घालावेत. हातांना काम द्यावे : कणकेचा गोळा मळणे, जाड कापडाच्या घड्या घालणे, रबरी चेंडू दाबणे. मणी, डाळी, बटणे मात्र हाती देऊ नयेत. ती नाकाकानांत जाण्याचा धोका असतो. बोटाभोवती सूज, लाली किंवा पू दिसला तर मूल तक्रार करीत नाही म्हणून थांबू नये. तापलेला तवा आणि उकळते पाणी यांपासून त्याला अधिक जपावे, कारण चटका बसल्याचे त्याला उशिरा कळते.

रात्रीची जागरणे एकट्या आईवर पडली तर काही वर्षांत ती खचते. एकत्र कुटुंबाचे बळ येथे वापरावे. पहाटे चारला उठणारे आजोबा आपल्या सामायिकेच्या आधीचा किंवा नंतरचा एक तास नातवासोबत घालवू शकतात. सामायिकेच्या अठ्ठेचाळीस मिनिटांत ते काम दुसऱ्याने घ्यावे. मुलाची खोली सुरक्षित, अंधारी आणि कमी वस्तूंची ठेवली तर प्रत्येक जागेपणी घर उठवावे लागत नाही.

निदान, कागदपत्रे आणि उद्याची तजवीज

साध्या गुणसूत्र तपासणीत हा लहान तुकडा निसटू शकतो. म्हणून क्रोमोझोमल मायक्रोअरे किंवा फिश ही तपासणी करतात. तीत काही आढळले नाही आणि लक्षणे मात्र जुळत असली, तर आरएआय १ जनुकाचे वाचन करतात. नगरहून सुमारे १२० किलोमीटरवरच्या पुण्यात आणि मुंबईत जनुकीय तज्ज्ञ उपलब्ध आहेत. मुंबईचे केईएम रुग्णालय २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणाखाली उत्कृष्टता केंद्र म्हणून नेमलेले आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ ६ फेब्रुवारी २०१३ रोजी आपल्याच राज्यात पालघर येथे झाला; त्याची पथके अंगणवाड्या आणि शासकीय व अनुदानित शाळांतील मुले तपासतात. आपली बहुतेक मुले खासगी शाळांत असल्याने त्यांच्यापर्यंत ही पथके पोहोचत नाहीत. तेव्हा पालकांनीच पुढे जावे.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकारच्या दिव्यांगत्वांना मान्यता आहे आणि बौद्धिक दिव्यांगत्व त्यात येते. प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड घेण्यात कमीपणा मानू नये. त्यानंतर राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत एक लाख रुपयांपर्यंतचे आरोग्यविमा संरक्षण मिळू शकते. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यातील ८० डीडी कलमाखाली, जुनी करप्रणाली निवडणाऱ्यास, ७५,००० रुपयांची आणि तीव्र दिव्यांगत्वात १,२५,००० रुपयांची वजावट होती. चालू वर्षाचा नियम आपल्या सीएंकडून पाहून घ्यावा. मूल अठरा वर्षांचे झाले की आई-वडील कायद्याने आपोआप पालक राहत नाहीत. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीकडून पालकत्व घ्यावे लागते. पेढीची वाटणी आणि मृत्युपत्र करताना या मुलाचा हिस्सा कोण सांभाळील, हे नावानिशी लिहून ठेवावे. ‘भाऊ पाहतील’ हे शब्द भावाचे, पण ते दस्तऐवज नव्हेत.

लपवण्याचे मोल

या सर्वांहून अवघड प्रश्न बोलला जात नाही. घरात असे मूल आहे हे कळले तर थोरल्या मुलीचे कसे जमेल, या भीतीने पाहुणे आले की त्याला वरच्या मजल्यावर ठेवले जाते, लग्नाच्या यादीतून वगळले जाते. म्हणून हे स्पष्ट सांगितले पाहिजे की स्मिथ-मॅगेनिसमधील बदल जवळजवळ नेहमी त्या एका बालकात नव्याने घडलेला असतो. तो सुनेच्या माहेरून येत नाही, सासरच्या रक्तातूनही येत नाही. गर्भारपणी काही खाल्ल्याने वा पाहिल्याने होत नाही. भावंडांत तो पुन्हा येण्याची शक्यता अत्यल्प असते, आणि आई-वडिलांच्या तपासणीने उरलेली शंकाही फेडता येते. मुलीच्या विवाहात तो अडथळा ठरावा याला शास्त्रात आधार नाही.

राहता राहिला कर्माचा विचार. वेदनीय कर्माचा उदय जीवाला भोगावा लागतो हे खरे; परंतु दुसऱ्याच्या कर्माचा निवाडा करण्याचा अधिकार श्रावकाला कोणी दिलेला नाही. त्याच्या वाट्याला अनुकंपा आहे. पांजरपोळातील मुक्या जीवासाठी जो हात खिशात जातो, तोच हात शेजारच्या घरातील न बोलणाऱ्या मुलाच्या खांद्यावर जायला हवा. पाथर्डी तालुक्यातील चिचोंडीस जन्मलेल्या आचार्य आनंदऋषीजी महाराजांच्या नावाने नगरमध्ये रुग्णालय उभे करणाऱ्या समाजाला ही गोष्ट जड जाऊ नये.

ही मुले माणसांची नावे आणि चेहरे दीर्घकाळ लक्षात ठेवतात. त्यांना विनोद कळतो, स्तुती आवडते, आणि आवडत्या माणसाला पाहून ती स्वतःलाच कवेत घेतात. या पर्युषणात स्थानकात दाराजवळची एक जागा अशा मुलासाठी आणि त्याच्या आईसाठी राखून ठेवता येईल; त्याने प्रवचनात मध्येच आवाज केला तर मागे वळून न पाहता बसता येईल. संवत्सरीला ‘मिच्छामि दुक्कडं’ म्हणताना ज्या घरी वर्षभर कोणी गेले नाही, त्या घरी आधी जावे. तेथे बोटांना पट्ट्या बांधलेले एक मूल दार उघडील, आणि आलेल्याचे नाव ते पुढच्या वर्षीपर्यंत विसरणार नाही.