प्रवाळाचा चिमुकला राखणदार : गोबी मासा घरी पाळताना काय जाणून घ्यावे?

मुंबई : प्रवाळाच्या फांदीवर निश्चल बसून टपोऱ्या डोळ्यांनी भोवताल न्याहाळणारा पिवळा गोबी मासा सागरी मत्स्यालयांच्या छंदिष्टांना भुरळ घालतो. जेमतेम साडेतीन सेंटिमीटर लांबीचा हा मासा पाळणे तुलनेने सोपे आहे. मात्र ज्या प्रवाळावर तो निसर्गात राहतो, ते भारतात घरी ठेवणे कायद्याच्या कचाट्यात सापडणारे ठरू शकते.

प्रवाळाशी नाते काय?

‘गोबिओडॉन’ वंशातील हे मासे हिंद आणि प्रशांत महासागरांत प्रामुख्याने ‘अ‍ॅक्रोपोरा’ या फांद्या असलेल्या प्रवाळात वास्तव्य करतात. त्यांच्या अंगावर खवले नसतात. त्वचेवरील विषारी श्लेष्मा त्यांचे शत्रूंपासून रक्षण करतो. निवाऱ्याचे ऋणही ते फेडतात. फिजीमध्ये डॅनियल डिक्सन आणि मार्क हे यांनी केलेले संशोधन 2012 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. विषारी शैवालाचा स्पर्श होताच प्रवाळ रासायनिक संकेत सोडते आणि काही मिनिटांतच गोबी ते शैवाल कुरतडू लागतात, असे त्यात आढळले. त्यामुळे प्रवाळाची हानी लक्षणीयरीत्या घटली. गोबीची एक प्रजाती तर हे शैवाल खाऊन स्वतः अधिक विषारी बनते.

घरी कोणती काळजी घ्यावी?

एका जोडीसाठी सुमारे 40 लिटरची, पाणी स्थिरावलेली टाकी पुरेशी असते. तापमान 24 ते 26 अंश सेल्सिअस, क्षारता दर हजारी सुमारे 35 आणि सामू 8.1 ते 8.4 असावा. उन्हाळ्यात पाणी थंड ठेवणारे यंत्र अनेकदा अपरिहार्य ठरते. मासा संथपणे खातो; म्हणून आर्टेमियाची पिल्ले किंवा बारीक केलेले मायसिस दिवसातून दोन-तीनदा, थोडे थोडे द्यावे. चपळ, खादाड मासे सोबत असल्यास तो उपाशी राहतो. खवले नसल्याने तांबेयुक्त औषधे जपूनच वापरावीत.

प्रवाळाच्या लहान तुकड्यांना हा पाहुणा त्रासदायकही ठरतो. अंडी घालण्यासाठी जोडी फांदीवरील जिवंत ऊती कुरतडून जागा मोकळी करते. मोठी वसाहत ही जखम सोसते. लहान तुकडा दगावू शकतो.

कायदा काय सांगतो?

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 च्या अनुसूची 1 मध्ये 2001 पासून सर्व कठीण प्रवाळांचा समावेश आहे. त्यामुळे मन्नारचे आखात, कच्छचे आखात, लक्षद्वीप, अंदमान-निकोबार किंवा महाराष्ट्राचा किनारा, कोठूनही प्रवाळ तोडणे, विकणे वा परवानगीविना बाळगणे हा गुन्हा असून त्यासाठी किमान तीन वर्षांच्या कारावासाची तरतूद आहे.

दिलासादायक बाब म्हणजे, मत्स्यालयात गोबीला जिवंत प्रवाळ लागतेच असे नाही. फांद्यांच्या आकाराचे कृत्रिम प्रवाळ किंवा कपारी असलेली रचना तो सहज स्वीकारतो. पिवळ्या गोबीचे बंदिस्त प्रजननही यशस्वी झाले आहे. म्हणूनच खरेदीपूर्वी मासा समुद्रातून पकडलेला आहे की टाकीत जन्मलेला, हा प्रश्न विक्रेत्याला अवश्य विचारावा. हा छंद समुद्रातील प्रवाळाच्या मुळावर येणार की नाही, हे बहुतांशी त्याच उत्तरावर अवलंबून आहे.