रेसची वायर जड झाली तर

देवळ्यात कांद्याच्या हंगामात जुन्या मोटरसायकली शेत ते मार्केट धूळ खात पळतात आणि एक दिवस एक्सिलेटरची मूठ जड लागते. निदान चुटकीसरशी होते: मूठ सोडल्यावर ती आपोआप खट्‌कन मागे यायला हवी. अडखळली, तर गाडी चालवू नका. रेस अडकली तर ब्रेक एकटा पुरेलच असे नाही.

दोष नेहमी वायरचाच नसतो. कार्ब्युरेटरकडचे टोक सोडवा आणि मूठ फिरवा. हलकी फिरली, तर कार्ब्युरेटरमधला पिस्टन बहुधा घाणीने अडकलाय. अजूनही जड असेल, तर मूठही सोडवून नुसती वायर हाताने ओढून पाहा. ती सहज सरकली, तर दोष मुठीखाली आहे: हँडलच्या पाइपवर गंज किंवा चिखल साचला की बिचाऱ्या वायरच्या नावाने खडे फोडले जातात!

वायर म्हणजे बाहेर नळी, आत पीळदार तार. तीच जड असेल, तर काढून उभी टांगा, वरच्या टोकाला प्लास्टिकच्या पिशवीचा कोपरा घट्ट बांधा, त्यात पातळ तेल ओता. रात्रभरात ते खाली ठिबकते. आधी काळे येते, मग स्वच्छ. ग्रीस मात्र नको, ते धूळ धरते. आत नायलॉनचे अस्तर असलेल्या वायरला तर बहुधा तेलाचीही गरज नसते.

टोकाच्या गोळीपाशी एक जरी धागा तुटलेला दिसला, तर तेलपाणी सोडा आणि नवी वायर घ्या. बसवताना ती टाकीखाली दबू देऊ नका. शेवटी गाडी सुरू ठेवून हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवा. रेस वाढली, तर वायर ताणली जातेय.