दर बाईमागे एक मैदान

फुटबॉलचं पूर्ण मापाचं मैदान १०५ मीटर लांब आणि ६८ मीटर रुंद असतं. म्हणजे ७,१४० चौरस मीटर, आपल्या हिशोबानं पावणेदोन एकर. अहिल्यानगर जिल्ह्याचं क्षेत्रफळ १७,०४८ चौरस किलोमीटर, महाराष्ट्रात सगळ्यांत मोठं. भागाकार करून बघा. जिल्ह्यात अशी २३ लाख ८७ हजार मैदानं मावतात. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्यातल्या मुली आणि बायका मिळून सुमारे २२ लाख होत्या. तान्ह्या लेकीपासून पणजीपर्यंत प्रत्येकीच्या नावावर एक अख्खं मैदान केलं, तरी पावणेदोन लाखांहून जास्त मैदानं उरतात!

शेतं, डोंगर, घरं, भंडारदरा-मुळा धरणांचं पाणी, सगळं यात धरलं आहे, हे खरं. पण मुलींना खेळायला जागा कुठे आहे, असं कोणी म्हटलं की हा आकडा सांगावा.

दुसरा आक्षेप ठरलेला: बायकांचा फुटबॉल बघायला येणार कोण?

२६ डिसेंबर १९२०. इंग्लंडमधल्या लिव्हरपूलचं गुडिसन पार्क. प्रेस्टनच्या कारखान्यातल्या कामगार मुलींचा 'डिक, कर लेडीज' संघ सेंट हेलन्सविरुद्ध खेळला आणि ४-० नं जिंकला. प्रेक्षक होते ५३ हजार. आत जागा न मिळाल्यानं हजारो लोक बाहेरूनच परतले. महिलांच्या क्लब सामन्याला याहून मोठी गर्दी जमायला २०१९ साल उजाडावं लागलं, तेव्हा माद्रिदमध्ये ६०,७३९ लोक आले. मध्ये ९८ वर्षं गेली.

लोकांची आवड आटली म्हणून ही वर्षं गेली नाहीत. ५ डिसेंबर १९२१ ला, म्हणजे त्या सामन्याला वर्ष पुरं व्हायच्या आत, इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेनं हा खेळ बायकांसाठी योग्य नाही असं ठरवून आपल्या क्लबांची मैदानं त्यांना बंद केली. ती बंदी जवळपास ५० वर्षं टिकली. ब्राझीलमध्ये १९४१ ते १९७९, पश्चिम जर्मनीत १९५५ ते १९७० अशीच मनाई होती. पुरुषांचा विश्वचषक १९३० साली सुरू झाला. बायकांचा अधिकृत विश्वचषक त्यानंतर ६१ वर्षांनी, १९९१ साली चीनमध्ये झाला. त्यात फक्त १२ संघ होते आणि सामना ९० ऐवजी ८० मिनिटांचा होता.

प्रेक्षक मात्र संधी मिळेल तिथे येतच राहिले. १९७१ साली मेक्सिकोत एक अनधिकृत विश्वचषक झाला. अॅझ्टेका स्टेडियममधल्या अंतिम सामन्याला सुमारे १ लाख १० हजार लोक होते, म्हणजे २०११ च्या नगर शहरातलं जवळपास दर तिसरं माणूस. डेन्मार्कनं मेक्सिकोला ३-० नं हरवलं. तिन्ही गोल १५ वर्षांच्या सुसान ऑगस्टेसनचे! २२ एप्रिल २०२२ ला बार्सिलोनात बायकांच्या क्लब सामन्याला ९१,६४८ लोक आले. आपलं सगळं श्रीरामपूर शहर त्या स्टेडियममध्ये बसलं असतं. आणि २०२३ च्या विश्वचषकात ३२ संघांचे सामने बघायला १९ लाख ७८ हजार प्रेक्षक लोटले.

तिसरा आक्षेप सगळ्यांत जिव्हारी लागणारा: आपल्या मुलींना जमणार आहे का?

जमलेलं आहे. जानेवारी १९८० मध्ये कोझिकोडला झालेल्या आशियाई स्पर्धेत भारताच्या मुली दुसऱ्या आल्या. १९८३ ला बँकॉकमध्ये पुन्हा दुसऱ्या. तिथे अंतिम सामन्यात थायलंडनं ३-० नं हरवलं. मग खेळाकडे दुर्लक्ष होत गेलं. २०२२ ची आशियाई स्पर्धा मुंबई, नवी मुंबई आणि पुण्याच्या बालेवाडीत भरली, नगरहून अवघ्या काही तासांच्या अंतरावर. पण कोविडमुळे संघात १३ खेळाडूसुद्धा उभ्या राहू शकल्या नाहीत आणि यजमान भारतच स्पर्धेबाहेर गेला. या मुली तरीही परत उभ्या राहिल्या. २०२५ मध्ये थायलंडमध्येच झालेल्या पात्रता फेरीत त्यांनी चार सामन्यांत २४ गोल केले आणि फक्त एक खाल्ला. ५ जुलैला संगीता बासफोरच्या दोन गोलांनी थायलंडला त्यांच्याच भूमीवर २-१ नं हरवलं. पात्रता फेरी जिंकून भारत आशियाई स्पर्धेत पोचला, तो पहिल्यांदाच.

जागा आहे, प्रेक्षक आहेत, कुवत आहे. कमी आहेत त्या खेळणाऱ्या मुली. फिफाच्या २०२३ च्या अहवालानुसार जगात १ कोटी ६६ लाख मुली आणि स्त्रिया संघटित फुटबॉल खेळतात. भारतात मार्च २०२४ पर्यंत नोंदणी झालेल्या महिला खेळाडू २७,९३६. जगातल्या बायकांपैकी ढोबळमानानं दर सहावी भारतीय, पण फुटबॉल खेळणाऱ्या सहाशे जणींमागे भारतीय एकच. देशाच्या याच सरासरीनं मोजलं तर आपल्या जिल्ह्याच्या वाट्याला साधारण १०५ खेळाडू येतात. १४ तालुक्यांत वाटल्या तर तालुक्याला सात-आठ. एकाही तालुक्यात अकराजणी पुऱ्या भरत नाहीत.

आता उलटा हिशोब मांडा. प्रत्येक तालुक्याला एक संघ, अकरा खेळणाऱ्या आणि पाच राखीव. १४ तालुक्यांच्या मिळून २२४ मुली. बावीस लाखांतल्या २२४, म्हणजे दहा हजारांत एक. एवढ्या मुलींना रोज संध्याकाळी तासभर मैदान, एक चेंडू आणि शिकवणारं माणूस दिलं, तर अहिल्यानगर देशाच्या सरासरीच्या दुपटीहून पुढे जाईल. शंभर वर्षांच्या या सगळ्या मोठमोठ्या आकड्यांपुढे २२४ हा अगदी लहान आकडा आहे, आणि तो आपल्या हातात आहे.