स्वतःच्या खुणा, स्वतःचा नकाशा

न्यूझीलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरून जाणाऱ्या ६ क्रमांकाच्या राज्य महामार्गावर एकपदरी पूल पावलोपावली येतात. हास्ट नदीवरचा पूल तर ७०० मीटरहून लांब आहे. समोरच्या वाहनाला आधी जाऊ द्यायचे की नाही, हे पुलापाशी पोचण्याआधी कळायला हवे. म्हणूनच गाडीतल्या जीपीएसमध्ये आपल्या गरजेच्या जागा आपणच भरणे मला महत्त्वाचे वाटते. कृती सोपी आहे. साध्या सीएसव्ही फाइलमध्ये आधी रेखांश, मग अक्षांश, मग नाव लिहायचे आणि गार्मिन कंपनीच्या ‘पीओआय लोडर’ या प्रोग्रामने ती यंत्रात चढवायची. किती अंतरावर इशारा मिळावा, तेही तिथेच ठरते. मात्र दक्षिण गोलार्धातल्या अक्षांशापुढचे उणे चिन्ह राहिले, तर हास्टचा पूल थेट उत्तर पॅसिफिकमध्ये जाऊन पडतो. दशांशानंतर चार अंक हवेतच. चौथा अंक अक्षांशात सुमारे ११ मीटरचा फरक दाखवतो.

मोबाइल असताना हा खटाटोप कशाला, असे कोणी म्हणेल. पण या रस्त्यावर बऱ्याच टप्प्यांत रेंजच नसते. उपग्रहांचे संकेत मात्र नेटवर्कवाचून मिळतात. माहिती शिळी होते, हा आक्षेप अधिक वजनदार आहे. त्यावर उपाय म्हणून फाइलच्या नावातच तारीख घालावी आणि प्रवासाआधी ती नव्याने भरावी. पूल काही दर महिन्याला जागा बदलत नाहीत. पेट्रोल पंप मात्र बंद पडतात, तेव्हा त्यांची यादी वेगळी ठेवलेली बरी.