मोतीबिंदूच्या पलीकडची वाट

तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात पोथ्यांइतकाच मोलाचा एक ठेवा आहे: सरफोजी राजे भोसले (दुसरे) यांच्या काळातली नेत्ररुग्णांची टिपणे. सरफोजी १७९८ ते १८३२ गादीवर होते. वैद्यकासाठी त्यांनी धन्वंतरी महाल उभारला. या टिपणांत आजाराच्या नोंदीसोबत रुग्णाच्या डोळ्याचे हाताने काढलेले चित्रही आहे. दोनशे वर्षांपूर्वीची ही शिस्त पाहून मन भरून येते.

मोतीबिंदूत गढुळलेले भिंग चित्रात दाखवता येते. पण ते दूर केल्यावर नजर येणार का, हे ठरते मागच्या पडद्यावरच्या चेतापेशींवर, आणि त्या बाहेरून दिसत नाहीत.

पडद्यावरच्या प्रकाशग्राही पेशी अंधारात एक रसायन सतत सोडत असतात. प्रकाश पडताच ते कमी होते. म्हणजे आपले पाहणे सुरू होते ते एका पेशीच्या गप्प होण्याने! हा बदल टप्प्याटप्प्याने दृष्टिचेतेच्या पेशींपर्यंत जातो. शांत असताना चेतापेशीची आतली बाजू बाहेरच्यापेक्षा सुमारे ७० मिलिव्होल्टने ऋण असते. निरोप आला की आवरणातली सूक्ष्म दारे उघडतात, सोडियमचे आयन आत घुसतात आणि आतली बाजू क्षणभर धन होते. मग पोटॅशियम बाहेर पडते, सारे पूर्ववत. एवढ्यात पुढची दारे उघडलेली असतात. तारेतल्या विजेसारखा हा प्रवाह नव्हे. निरोप वाटेत पुन्हा पुन्हा नव्याने उठतो, म्हणूनच विरत नाही.

एका दृष्टिचेतेत असे दहा-बारा लाख तंतू असतात. डोळ्याच्या आत ते उघडे असतात, त्यामुळे प्रकाश अडत नाही. डोळ्याबाहेर पडताच त्यांच्यावर मायलिनचे स्निग्ध वेष्टन चढते आणि निरोप उड्या मारत वेगाने निघतो. चेतेतला वेग हेल्महोल्ट्झ यांनी बेडकावर मोजला तो १८५० च्या सुमारास, सरफोजींच्या निधनानंतर. आयनांचा हिशेब तर हॉजकिन आणि हक्स्ले यांनी १९५२ मध्ये मांडला.

काही तंतू मेंदूच्या मुळाशी जाऊन बाहुली आकसवतात. म्हणून मोतीबिंदू पिकलेला असला, तरी डॉक्टर आधी टॉर्च मारून बाहुली पाहतात. ती चटकन आकसली तर मागची वाट बहुधा शाबूत आहे. काचबिंदूत मात्र हेच तंतू हळूहळू मरतात आणि पुन्हा उगवत नाहीत. घरात कुणाला काचबिंदू असेल, तर नजर चांगली असतानाच डोळ्यांचा दाब आणि दृष्टिचेता तपासून घ्यावी.