फटक्याची खरी किंमत

मार्च 2008, फ्लोरिडातलं बे हिल. स्पर्धेचा शेवटचा होल आणि टायगर वुड्सचा चेंडू कपापासून 24 फुटांवर. पट, म्हणजे ग्रीनवरून कपाकडे लोटलेला फटका, पडला तर विजय, चुकला तर बार्ट ब्रायंटशी प्ले-ऑफ. चेंडू वळण घेत कपात शिरला, टायगरने टोपी काढून जमिनीवर आपटली आणि ग्रीनभोवतीच्या गर्दीने एकच जल्लोष केला. टायगर म्हटलं की अनेकांना आजही हा क्षण आठवतो. सामना पटर, म्हणजे पट मारायची काठी, जिंकून देतो, ही गोल्फमधली जुनी समजूत अशाच दृश्यांवर पोसलेली आहे. चार वेळा ब्रिटिश ओपन जिंकणाऱ्या दक्षिण आफ्रिकेच्या बॉबी लॉकच्या नावावर तर एक वचनच चालत आलं आहे: ड्राइव्ह मिरवायला, पट कमवायला.

पण तो चेंडू ग्रीनपर्यंत आणणाऱ्या फटक्यांचं श्रेय कुणी मोजायचं?

पीजीए टूरने 1980 मध्ये अधिकृत आकडेवारी ठेवायला सुरुवात केली. ड्राइव्हचं अंतर, किती फेअरवे सापडले, किती ग्रीन गाठली, फेरीत किती पट लागले. आकडे खरे होते, पण दिशाभूल करणारे. एखादा खेळाडू दिवसभर ग्रीन चुकवतो, चिप करून चेंडू कपाजवळ आणतो आणि एका पटात आटोपतो. दुसरा प्रत्येक ग्रीन गाठतो, पण तीस-तीस फुटांवरून दोन-दोन पट घेतो. जुन्या तक्त्यात पहिला पटिंगमध्ये उत्तम ठरायचा. प्रत्यक्षात त्याने चिप चांगल्या मारलेल्या असायच्या, आणि दुसऱ्याचं लांबवरून चेंडू कपाशी नेण्याचं कसब कुठेच नोंदलं जात नसे.

ब्रिटनमध्ये अ‍ॅलिस्टर कॉक्रन आणि जॉन स्टॉब्स यांनी 1968 च्या आपल्या पुस्तकात गोल्फकडे शास्त्राच्या नजरेने पाहिलं होतं. मात्र हजारो फटक्यांच्या नोंदी हाताने करणं कुणालाच झेपणारं नव्हतं. कोंडी फुटली ती या शतकात. टूरने शॉटलिंक ही यंत्रणा उभारली. प्रत्येक स्पर्धेत शेकडो स्वयंसेवक लेझर घेऊन मैदानावर उभे राहू लागले आणि प्रत्येक चेंडू कुठून निघाला, कुठे थांबला याची नोंद होऊ लागली. ऊन-पाऊस सोसून हे काम करणाऱ्यांची नावं कुठल्याच तक्त्यात येत नाहीत. पुढचं सगळं उभं आहे ते त्यांच्या कष्टांवर.

या नोंदींना अर्थ दिला न्यूयॉर्कच्या कोलंबिया बिझनेस स्कूलमधल्या मार्क ब्रॉडी यांनी. त्यांचा मूळ विषय वित्तशास्त्र. बाजारातल्या ऑप्शन्सची किंमत काढणाऱ्या या प्राध्यापकाने प्रत्येक फटक्याचीही किंमत काढायचं ठरवलं. त्यासाठी लागते फक्त वजाबाकी.

एक होल घ्या, 400 यार्डांचा. टूरवरच्या खेळाडूला तो पूर्ण करायला सरासरी 3.99 फटके लागतात. ड्राइव्ह फेअरवेत पडला आणि 100 यार्ड उरले, तर तिथून सरासरी 2.80. म्हणजे एका फटक्यात खेळाडू 1.19 फटक्यांइतका पुढे सरकला, खर्च झाला एकच. शिल्लक 0.19. तोच चेंडू तितक्याच अंतरावर, पण रफमध्ये, म्हणजे कडेच्या उंच गवतात, थांबला असता तर पुढची सरासरी 3.02, आणि 0.03 चा तोटा. आता फेअरवेतून मारलेला अप्रोच, म्हणजे ग्रीनवर पोहोचवणारा फटका, कपापासून आठ फुटांवर थांबला. आठ फुटांवरून व्यावसायिकही निम्मेच पट पाडतात, तिथली सरासरी 1.50. अप्रोचची कमाई 0.30. पट पडला की आणखी 0.50. बेरीज 0.99. होल तीन फटक्यांत संपला, त्यातला कुठला फटका किती कामाला आला ते दशांशात समोर. 33 फुटांवरून दोन पट लागले तर हिशेब शून्य, कारण सरासरीच दोनची. आठ फुटांवरून दोन लागले तर अर्धा फटका गेला. जुन्या तक्त्यात दोन्ही सारखेच होते!

मे 2011 मध्ये टूरने हे माप पटिंगपुरतं अधिकृतपणे स्वीकारलं आणि ‘स्ट्रोक्स गेन्ड’ हा शब्द प्रक्षेपणात ऐकू येऊ लागला. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या संशोधकांचाही त्यात हात होता. त्या वर्षी पटिंगच्या यादीत पहिला आला ल्यूक डोनाल्ड, आणि तोच त्या वर्षी जगात अव्वल क्रमांकावर पोहोचला. जुनी समजूत खरी ठरल्यासारखंच वाटलं.

उलगडा झाला तो 2014 मध्ये, ब्रॉडी यांच्या ‘एव्हरी शॉट काउंट्स’ या पुस्तकाने. अव्वल 40 खेळाडू बाकीच्यांपेक्षा सरस कशामुळे ठरतात? 40 टक्के वाटा अप्रोचचा, 28 टक्के ड्राइव्हचा, 17 टक्के ग्रीनभोवतीच्या फटक्यांचा. पटिंग सगळ्यांत शेवटी, 15 टक्के. खुद्द टायगर 2004 ते 2012 या काळात फेरीमागे सुमारे 2.8 फटके कमावत होता. त्यात पटिंगची कमाई अप्रोचच्या जेमतेम निम्मी. टोपी आपटली गेली पटावर, साम्राज्य उभं राहिलं ते अप्रोच मारणाऱ्या आयर्नवर. 2016 पासून टूर ड्राइव्ह, अप्रोच आणि ग्रीनभोवतीचे फटके यांचा स्वतंत्र हिशेब देऊ लागली. 2021 मध्ये महिलांच्या एलपीजीए टूरवरही हे माप आलं; व्हायला हवं होतं ते खूप आधीच.

तरी पटर अगदीच मोडीत निघाला नाही. वर्षभराचा हिशेब वेगळा, एका आठवड्याचा वेगळा. स्पर्धा जिंकणाऱ्यांच्या त्या आठवड्यातल्या कमाईत पटिंगचा वाटा 35 टक्क्यांपर्यंत जातो, असं ब्रॉडींनाच आढळलं. पुण्यात जन्मलेल्या अनिर्बान लाहिरीला त्याची झळ बसली. मार्च 2022, द प्लेयर्स चॅम्पियनशिप. लाहिरीने शेवटच्या फेरीत 69 फटक्यांचा उत्तम खेळ केला, पण कॅमेरॉन स्मिथचा पटर त्या दिवशी पेटला होता. स्मिथने दहा बर्डी (पारपेक्षा एक कमी) मारल्या, चार बोगी (एक जास्त) केल्या आणि 66 वर फेरी संपवली. लाहिरी एका फटक्याने मागे राहिला. कारकिर्दीतला सर्वांत मोठा विजय इतक्या थोडक्यात निसटणं जिव्हारी लागणारंच.

नव्या मापाची सगळ्यांत मोठी परीक्षा घेतली स्कॉटी शेफलरने. 2023 मध्ये तो पटिंगमध्ये 162 व्या क्रमांकावर होता, आणि टीपासून ग्रीनपर्यंतच्या खेळात पहिला. जुन्या वचनाप्रमाणे असा खेळाडू उपाशी राहायला हवा. त्याने दोन स्पर्धा जिंकल्या, त्यांतली एक द प्लेयर्स. मात्र आकड्यांनी त्याची दुखरी जागाही लपवली नाही. फेब्रुवारी 2024 मध्ये रॉरी मॅकिलरॉयने थेट प्रक्षेपणात सुचवलं की शेफलरने जाड डोक्याचा मॅलेट पटर वापरून पाहावा. शेफलरने तो हाती घेतला आणि पुढच्याच स्पर्धेत उतरला, त्याच बे हिलवर. शेवटच्या फेरीत 66, विजय पाच फटक्यांनी. अठराव्या ग्रीनवर पोहोचला तेव्हा निकाल केव्हाच लागलेला होता.